एक तरी माणूस घाबरला पाहिजे

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. सकाळी ६.१०

आजपासून लग्नं बंद. शाईने लिहून ठेवतो, म्हणजे खोडता येणार नाही.

बावीस वर्षं झाली. बेलापूर, श्रीरामपूर, राहुरी या पट्ट्यात ज्याचं म्हणून लग्न झालं त्याच्या हळदीत मी कॅमेरा घेऊन उभा होतो. हजारो लोकांना जरा इकडे बघा म्हणालो. कॅमेऱ्यामागे कोण आहे हे त्यातल्या एकानेही बघितलं नाही. अल्बम उघडला की लोक म्हणतात, शालू छान आलाय, मामा वाळलेले दिसतायत. फोटो कुणी काढला? कुणीच नाही. आपोआप निघाला. मला एकदा तरी असं काही करायचंय की बघणाऱ्याच्या पोटात गोळा आला पाहिजे.

तर काल 'उसात कोण?' पूर्ण झाला. अठ्ठावन्न मिनिटं. जिल्ह्यातला पहिला मॉक्युमेंटरी स्लॅशर. (टायटलमध्ये जिल्हा अहमदनगर राहिलाय. अहिल्यानगर करणे.) मॉक्युमेंटरी म्हणजे खोटा माहितीपट, स्लॅशर म्हणजे एक माणूस बाकीच्यांना कापत सुटतो. दोन्ही एकत्र करण्याचं धाडस माझं. पुण्याहून टीव्हीची टीम बेलापुरात येते. उसात कोयता घेऊन फिरणाऱ्या खुन्यावर माहितीपट काढते. खुनी खुर्चीत बसून आपल्या कामाबद्दल सविस्तर मुलाखत देतो, मध्येच एक मिनिट आलो म्हणून उठतो आणि खून करून परत येऊन बसतो.

खुनी झालाय शेजारचा गोरक्ष. ऊस त्याचा, कोयता त्याचा, मिशीही त्याचीच. दुसऱ्याला घेतलं असतं तर ऊस मिळाला नसता.

सकाळी ७.४०

इंदूने चहा देताना विचारलं, काष्टीला काय कळवू? काष्टीच्या पार्टीचं लग्न तीस तारखेला आहे, तीन फोन येऊन गेले. मी म्हणालो, कळव की नृसिंह धर्माधिकारी आता लग्नं करत नाहीत. ती म्हणाली, वाक्य नीट करा, मी अजून आहे.

शेवटी पैज लागली. माझा पिक्चर बघून एक तरी माणूस खरोखर घाबरला, तर मी लग्नाला पुन्हा कॅमेरा लावणार नाही आणि इंदू या विषयावर एक शब्द बोलणार नाही. नाही घाबरला, तर काष्टी. इंदूची अट अशी की खुर्चीत दचकलेला चालणार नाही. घरी गेल्यावरसुद्धा भीती राहिली पाहिजे. मंजूर. एक कशाला, निम्मं गाव दिवे लावून बसेल. साक्षीदार भार्गवी, आमची कन्या, पुण्यात मीडियाचं शिकते. मुदत सोळा तारीख. काष्टीला तोवर थांबायला सांगितलं. बिचारे.

५ नोव्हेंबर, बुधवार

प्रेक्षकांचं मत शास्त्रशुद्ध पद्धतीने घ्यायचं ठरवलं. अभिप्रायपत्रक केलं. प्रश्न पहिला: चित्रपट पाहताना किती भीती वाटली? पर्याय: खूप. अतिशय. शब्दांत सांगता येत नाही. प्रश्न दुसरा: सर्वांत जास्त कोणत्या खुनाला घाबरलात? (जागा कमी पडल्यास मागे लिहावे.) प्रश्न तिसरा: घरी एकटे जाऊ शकाल का, की सोबत हवी?

इंदू जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. कुठलाही कागद दिसला की तिचा हात लाल पेनाकडे जातो. पहिल्या प्रश्नाला चौथा पर्याय घातला: अजिबात नाही. मी म्हणालो, उगाच शाई घालवलीस, हा कोण निवडणार? ती म्हणाली, मग असू दे की, तुमचं काय जातंय.

दोनशे झेरॉक्स काढल्या.

उद्यापासून पहाटे चालायला जाणे. दिग्दर्शकाला पोट शोभत नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

चाललो नाही. बूट सापडले नाहीत.

इंदूसाठी घरी खास खेळ ठेवला. तिने तो चौथीच्या वह्या तपासत पाहिला. म्हणजे कानांनी पाहिला. तरी शंका काढल्याच. छबूबाईंचा खून होतो तेव्हा वरून गुलाबाच्या पाकळ्या का पडतात?

त्याचं असं आहे की माझं एडिटिंगचं सॉफ्टवेअर लग्नाचं आहे. महत्त्वाचा क्षण आला की ते पाकळ्या टाकतं. मला काढता आल्या नाहीत. इंदूला सांगितलं, ते प्रतीक आहे, मरण हाही एक प्रकारचा... पुढचं सुचलं नाही. तिने पुढची वही घेतली. मग खुन्याची मुलाखत बदामाच्या चौकटीत का? त्याला मी उत्तर दिलं नाही. सगळं समजावून सांगायचं तर कलाकृती कशाला करायची?

शेळीचं मात्र तिने बरोबर धरलं. छबूबाई म्हणजे गोरक्षच्या वस्तीशेजारच्या आजी, वय बहात्तर, पिक्चरमधला पहिला बळी. दुसरं कुणी मरायला तयार नव्हतं, गावात सगळ्यांना खुनी व्हायचं होतं. छबूबाईंनी कढीपत्ता तोडायला जायचं आणि पडायचं, एवढंच काम. पडल्याही झकास. पण तेवढ्यात शेळी मेथीत शिरली आणि मेलेल्या छबूबाईंनी पडल्यापडल्या हात करून तिला हाकललं. रीटेक मागितला तर म्हणाल्या, नरसू, आज मरून झालं, कंबर धरती, आता पुन्यांदा न्हाई.

इंदूचं मत: भीती वाटली नाही, छबूबाई आवडल्या. इंदू तज्ज्ञ नाही.

९ नोव्हेंबर, रविवार. दुपारी ४

आज पहिला खेळ. ग्रामपंचायतीसमोर, सायंकाळी सात. पडदा ताणला. पहिल्या रांगेत लहान मुलांना बसवायचं नाही असं गोरक्षला बजावलं. काही झालं तर आपल्यावर येईल. प्रथमोपचाराची पेटी जवळ ठेवलीय. इंदू विचारत होती कापूस कशाला. असू दे.

१० नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७

शांत डोक्याने लिहितो.

सातचा खेळ सव्वाआठला सुरू झाला, कारण आधी सत्कार. माझा, गोरक्षचा, छबूबाईंचा, ज्याने वीज दिली त्याचा, ज्याने सतरंज्या दिल्या त्याचा. शाल, श्रीफळ, प्रत्येकाचे दोन शब्द. सरपंच बिभीषण यांचे दोन शब्द पंचवीस मिनिटं चालले. खुन्याला शाल घातल्यावर त्याची दहशत थोडी कमी होते, हे आता लक्षात आलं.

मग पिक्चर. लोक एकशेसत्तर, जास्तच. पहिला खून झाला आणि टाळ्या. दुसऱ्याला शिट्ट्या. जो मेला त्याच्या घरचे उभे राहून मागच्यांना दाखवत होते, आमचा आमचा. छबूबाईंचं मरण दोनदा मागे घेऊन दाखवायला लावलं आणि शेळी आली की सगळं पटांगण एका आवाजात हसलं. सरपंचांना पिक्चरमध्ये खुन्याबद्दल विचारलंय, त्यांनी उत्तरात बेलापूर ते श्रीरामपूर रस्त्याबद्दल सांगितलंय, सहा मिनिटं. त्याला सर्वांत जास्त टाळ्या. शेवटी त्यांचा खून होणार होता, पण निवडणूक तोंडावर असताना सरपंच मरताना दाखवू नका म्हणाले, म्हणून ते जीपमधून सुटतात. गोरक्षची बायको मागून ओरडली, नव्या शर्टाला रक्त म्हणून बीट फासलं ते यासाठी का?

पण हसणं हीसुद्धा भीतीचीच प्रतिक्रिया असते. असं मानसशास्त्रात आहे. असणार.

सकाळी ११

पत्रकं मोजली. वाटली एकशेसत्तर, परत आली एकसष्ट. बाकीच्यांत फुटाणे गेले. एकसष्टपैकी अजिबात नाही: अठ्ठावन्न. कोरी: दोन. अतिशय: एक!

एक सापडला! इंदूला दाखवलं. रामहरीचं पत्रक. रामहरी नदीकडच्या वस्तीवर राहतो, सरळ माणूस, खोटं लिहिणार नाही. आत्ताच जाऊन येतो.

दुपारी १

जाऊन आलो. रामहरी म्हणाला, व्हय, लई भ्यालो. कशाला? घरी जाताना उसातून जावं लागलं आणि मागच्या आठवड्यात तिथं बिबट्या दिसलाय. मी म्हणालो, अरे पण पिक्चर? तर म्हणे पिक्चरमध्ये उलट बरं वाटलं. उसातनं मानूस निघतोय म्हटल्यावर जिवात जीव आला. रोज तसा एखादा हुबा राहिला तर आमाला सोबत हुईल.

हे मला आधी सुचायला हवं होतं. आमच्याकडे उसातून काय निघेल या भीतीने लोक बायकापोरांना सांजेला बाहेर सोडत नाहीत, आणि मी त्यातून माणूस काढला.

बाकीची मतं मागच्या बाजूला आहेत. ऊसतोडीची मंडळी लिहितात, कोयता असा धरला तर ऊस सोडा, दोडका कापला जाणार नाही. एकीने लिहिलंय, खुनी बोलायला नम्र आहे, चार माणसांत उठबस असावी. दुसरीने, त्या बांधावर कढीपत्ता नाहीच, कुणाला फसवता. सरपंच: विकासाला चालना देणारा चित्रपट. कुणीतरी नुसतं लिहिलंय, पाकळ्या छान.

इंदूने पत्रकं गठ्ठा करून रबर लावलं.  

११ नोव्हेंबर, मंगळवार

भार्गवीला पिक्चर पाठवला होता. तिचा आवाजी निरोप आला, चार मिनिटांचा. त्यातलं पहिलं एक मिनिट नुसतं हसणं. मग म्हणाली, बाबा, भारी झालाय, कॉमेडी म्हणून कुठे तरी पाठवा. मी तिला कळवलं की हा विनोदाचा विषय नाही, यात नऊ माणसं मरतात.

तिने पुन्हा निरोप पाठवला. म्हणे मॉक्युमेंटरीत खोटं हे खरं वाटायला लागतं. तुमचे प्रेक्षक गोरक्षकाकांना ओळखतात, छबूआजींना रोज बघतात. त्यांना कसं खरं वाटेल?

कार्टीचं खरं आहे. दोष पिक्चरमध्ये नाही, प्रेक्षक ओळखीचे निघाले. आधी वातावरण तयार करायला हवं होतं. दुसरा खेळ रविवारी, सोळाला. अजून पाच दिवस आहेत.

दुपारी ४.३०

सुचलं! इतकं सोपं की स्वतःचीच पाठ थोपटली. आपल्याकडे माणूस गेला हे लोकांना कशावरून खरं वाटतं? दाखला कोण बघतो? चौकात फ्लेक्स लागला की गेला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

फ्लेक्स लागला. दहा बाय आठ. वर भावपूर्ण श्रद्धांजली. मधे छबूबाई, पिक्चरमधलाच फोटो, मागे ढग आणि समई. खाली कै. छबूबाई, शोकाकुल समस्त ग्रामस्थ बेलापूर. अगदी तळाला बारीक अक्षरांत: 'उसात कोण?' रविवारी सायं. ७ वा. लक्ष देऊन वाचलं तरच दिसतं. हीच तर गंमत.

छबूबाईंना आधी विचारलं होतं, मी काही अडाणी नाही. त्या म्हणाल्या, लाव की. मेल्यावर लावशील तवा मला थोडाच दिसनार हाय? आज नवं लुगडं नेसून फ्लेक्सखाली येऊन उभ्या राहिल्या, मला फोटो काढायला लावला. म्हणाल्या, ह्यो सुनीलला धाड. सुनील त्यांचा मुलगा, चाकणला कंपनीत आहे. दोन वर्षांत फिरकला नाही, दिवाळीलाही आला नाही, सुट्टी नसते म्हणे. त्या कुणालाही भेटल्या की तिसऱ्या वाक्याला सुनील येतो. मी धाडतो म्हणालो. कामाच्या गडबडीत राहिलं.

चौकात लोक बघतायत. हसतायतही, पण वरवर.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

फ्लेक्सचे फोटो मोबाईलवर फिरायला लागले. गोरक्ष सांगत होता, पार कर्जतपर्यंत गेलाय. कर्जत! इथून सव्वाशे किलोमीटर. लग्नाच्या अल्बमचं हे भाग्य कधी होतं?

सोळा तारखेला इंदूपुढे काय बोलायचं ते लिहून काढलं. सुरुवात नम्र ठेवलीय.

१५ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ९.५०

घाईत लिहितो. गोरक्ष पळत येऊन सांगून गेला, घराबाहेर पडू नका. कर्जतहून टेम्पो भरून माणसं आलीत. छबूबाईंच्या मातीला.

छबूबाईंचं माहेर कर्जत तालुक्यातलं. तिथे फ्लेक्सचा फोटो गेला, पण मोबाईलवर आला तेव्हा तळाची ओळ कापली गेली होती. त्यांचे भाऊ आसाराम यांनी खात्री करायला छबूबाईंना फोन लावला, तो बंद. तो बंद असायचाच, तीन दिवसांपूर्वी बादलीत पडला, तेव्हापासून तांदळाच्या डब्यात आहे. मग त्यांनी चाकणला सुनीलला कळवलं. सुनीलनेही आईला फोन लावला, तो बंदच. झालं. पहाटे टेम्पो काढला.

पुढचं गोरक्षने डोळ्यांनी पाहिलंय. छबूबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. टेम्पो थांबला, बायका पदर डोक्यावरून तोंडावर ओढून टाहो फोडतच उतरल्या. आता आपल्याकडची रीत अशी की कुणी रडत आलं की आधी गळ्यात पडायचं, चौकशी नंतर. छबूबाईंनी सूप बाजूला ठेवलं, पहिली बाई आली तिच्या गळ्यात पडल्या आणि मोठ्याने सूर लावला. मग दुसरी, मग तिसरी. पदराआडून कुणाला कुणाचं तोंड दिसत नव्हतं. पाच मिनिटं सगळ्या मिळून छबूबाईंसाठी रडल्या, त्यांत छबूबाईंचा आवाज सर्वांत वर. शेवटी डोळे पुसत त्यांनीच विचारलं, आगं पन गेलं कोन? समोरच्या भावजयीने पदर वर केला, बघितलं आणि जागच्या जागी बसली.

आसाराम हातात टॉवेल-टोपी घेऊन मागून आले. बहिणीकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, उसाला तोड आल्ती, ती सोडून आलो मी.

सकाळी ११.१५

सुनील आला. चाकणहून मोटारसायकलवर, हेल्मेट नाही, एका पायात चप्पल आणि एक पाय मोकळा. घराकडे धावतच गेला म्हणे. आईला बघितलं आणि तिच्या मांडीवर डोकं घालून असा रडला की टेम्पोवाल्या बाया गप्प झाल्या. छबूबाई त्याच्या केसांवरून हात फिरवत म्हणत होत्या, किती वाळलास रं.

सहा फूट उंची. विचारतोय, फ्लेक्स कुणी लावला.

मी सध्या बाथरूममध्ये आहे. जुन्या शूटिंगच्या नोंदी तपासायच्या राहिल्या होत्या.

दुपारी १.३०

अजून नोंदी तपासतोय. इंदूने दारावर थाप मारून सांगितलं, अहो, बाहेर या, तुमच्यापायी आलेल्या चाळीस माणसांना मी आणि गोरक्षच्या बायकोने पिठलं-भाकरी घातलीय. सरपंचांनी फ्लेक्स उतरवायला लावला. उद्याचा खेळही रद्द. बिभीषणला कलेतलं काय कळतं.

दुपारी ३

बाथरूममध्ये माणसाचं डोकं चालतं. चाळीस माणसं! परगावची! गोरक्षला ओळखत नाहीत, पाकळ्यांबद्दल त्यांचे काही पूर्वग्रह नाहीत, आणि मुख्य म्हणजे पिक्चरमधलं मरण त्यांना एकदा खरं वाटलेलं आहे. भार्गवी म्हणते तसे प्रेक्षक आयते दारात आलेत. टेम्पोवाल्याचा टायर बसलाय, सांजेपर्यंत ते हलत नाहीत. छबूबाईंच्या अंगणात पडदा लावायला गोरक्षला सांगितलं. सुनील? बघू. पडदा आणि तो यांच्यामध्ये मी उभा राहणार नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ८

काल दिवेलागणीला खेळ झाला. चाळीस पाहुणे, वस्तीवरची माणसं, पहिल्या रांगेत छबूबाई. त्यांचा खून झाला तेव्हा पाहुणे इतके हसले की एक म्हातारा खाटेवरून घसरला. दिवसभराचं रडणं साठलेलं ते सगळं तिथं बाहेर पडलं. आसाराम ओरडले, आनखी एकदा मारा तिला! त्यांच्या उसाचं नुकसान त्यात वसूल झालं असावं. तीनदा दाखवलं.

पत्रकं सगळी भरून आली. अजिबात नाही: चाळीस. आसारामांनी मागे लिहवून घेतलंय, बहीण जिवंत हाय, पिक्चर कसा का असंना.

छबूबाईंचं मत तोंडी घेतलं. म्हणाल्या, मी पडले ते ब्येस दिसलं.

सुनीलने पिक्चर पाहिला नाही. सगळा वेळ पडद्याकडे पाठ करून आत चुलीपाशी बसला होता आणि आईचा फोन चार्जिंगला लावून चालू होतोय का बघत होता. झाला चालू. त्याने स्वतःचा नंबर लावून वाजवून बघितला, दोनदा.

सकाळी १०

सुनील घरी आला. मी पळायच्या आत इंदूने दार उघडलं. मला वाटलं, आता दोन कानाखाली बसतात. तो दारातच उभा राहिला. म्हणाला, काका, मी गाडी चालवत हुतो, श्रीगोंद्याच्या फाट्यापर्यंत... आणि गप्प झाला. तोंड उघडायचा, पुन्हा मिटायचा. डोळे भरले होते. शेवटी म्हणाला, परत असं करू नका.

मी खिशातलं पत्रक पुढे केलं. त्याने ते बघितलं, कशाचं आहे ते कळलं नाही त्याला, घडी घालून खिशात ठेवलं आणि गेला.

शब्दांत सांगता येत नाही! तिसरा पर्याय! माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या उंबऱ्यात! आणि घरी गेल्यावरसुद्धा, कारण गोरक्ष सांगतोय, तो काल आईच्या खाटेशेजारी जमिनीवर झोपला आणि ती श्वास घेतेय का हे बघायला उठत होता. जिंकलो. काष्टीला नकार कळवतोय.

सकाळी ११.३०

इंदू मान्य करत नाही. भार्गवीला फोन लावला, स्पीकरवर सुनावणी. मी लिहिलेलं भाषण वाचलं. इंदू म्हणाली, माणूस घाबरला हे कबूल. पण कशाला घाबरला? पिक्चर त्याने एक मिनिट पाहिला नाही. मी म्हणालो, फ्लेक्स पिक्चरचाच भाग आहे. ती म्हणाली, फ्लेक्सवरचं काय तुमचं? ढग दुकानदाराचे, समई दुकानदाराची, भावपूर्ण श्रद्धांजली हे दोन शब्द तर रोज चार जणांना लागतात. आई गेली असं वाटून पोरगं घाबरलं. त्याला दिग्दर्शक लागत नाही.

 भार्गवी हळूच म्हणाली, बाबा, आई बरोबर आहे. आणि मला वाटतं तुम्ही सुनीलदादाची माफी मागायला हवी.

मागतो म्हणालो. आजच्या आज.

दुपारी १२.१५

इंदूने काष्टीला फोन केला. पार्टीला फार आनंद झाला म्हणे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

काल माफी मागायला गेलो तर सुनील चाकणला निघून गेला होता. माझ्याकडून उशीर झाला असं नाही, तो लवकर गेला. छबूबाई खुशीत होत्या. दर रविवारी येनार हाय म्हणाल्या. मला शेंगा दिल्या पदरभर. तुझ्यामुळं आला रं नरसू, म्हणाल्या.

मला बरं वाटलं. म्हणजे पिक्चर वाया गेला नाही. सामाजिक परिणाम झाला. 'उसात कोण? भाग दोन' कौटुंबिक करावा का?

२३ नोव्हेंबर, रविवार

छबूबाईंच्या वस्तीवरून गेलो. ओट्यावर बसल्या होत्या, नवं लुगडं नेसून. कोंबडी कापून ठेवली होती. दुपारपर्यंत वाट बघून मग गोरक्षच्या घरी डबा पोचवला. सुनीलचा फोन आला, ओव्हरटाइम लागलाय.

भाग दोनचं काही लिहिलं नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार. सायंकाळी ५

छबूबाई आल्या. चालत, वस्तीवरून, पाय दुखत असताना. काखेत घडी घातलेला फ्लेक्स. ग्रामपंचायतीच्या मागे टाकला होता तो धुऊनपुसून घेऊन आल्या. पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, ह्यो परत लाव.

उद्याच्या रविवारीही सुनीलला यायला जमणार नाही. त्याने दोन मिनिटं बोलून फोन ठेवला. त्यांनी सगळा विचार करून ठेवला होता. चौकात नको, सरपंच वरडतो, आपल्या दारात लाव, फोटो काढ आन फकस्त सुनीलला धाड. आसारामला धाडू नको, त्यांना तोड हाय. मी फोन तांदळात ठिवते.

मी त्यांना सांगितलं, मावशी, असं होत नाही. एकदा कळल्यावर त्याच गोष्टीला माणूस दुसऱ्यांदा घाबरत नाही. बावीस वर्षांत आणि या सगळ्या महिन्यात मला एवढंच नक्की कळलंय, तेवढं प्रामाणिकपणे सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. घडी मांडीवर सारखी केली. म्हणाल्या, आरं, त्याला भ्या घालायचं न्हाई मला. त्यो नुसता यावा म्हनून काय लावावं लागतं, ते सांग.

इंदू स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली. मी त्यांच्या पेल्यात आणखी पाणी ओतलं. मग छबूबाई अंधार पडायच्या आत जायचं म्हणून उठल्या, आणि गोरक्ष त्यांना गाडीवर सोडून आला. फ्लेक्स इथेच राहिला.

उद्या काष्टीला पहाटे साडेपाचला निघायचंय. बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या.